सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही : फोंडा तालुक्यातील एका जुन्या मारुती ८०० चे प्रकरण

गाडी १९९३ ची मारुती ८००. कार्बोरेटरवाली, सीबी पॉइंटची (इंजिन फिरताना उघडमिट होऊन स्पार्क घडवणाऱ्या कॉन्टॅक्टची), म्हणजे तिच्यात ना सेन्सर ना कॉम्प्युटर. मालक गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक. २०२५ च्या जूनमध्ये दुसऱ्या आठवड्यात गाडी कौलारू घराच्या भिंतीला लागून उभी केली, ती गणेशचवथीच्या बाजाराला काढायची म्हणून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातच किल्ली लावली. मधले दहा आठवडे पाऊस. सेल्फ खणखणीत फिरला, इंजिनाने मात्र एकदाही पकडले नाही.

पुढच्या आठ दिवसांत गाडीला तिघांचे हात लागले. बॅटरी बदलली. तिन्ही प्लग, त्यांच्यासाठी हजारो व्होल्ट तयार करणारी कॉइल, डेल्कोची (तो करंट प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर आणि पॉइंटला जोडलेला कंडेन्सर नवे आले. पॉइंट घासले. शेवटी कार्बोरेटर खोलून धुतला. गाडी होती तिथेच राहिली, आणि सामानाची बिले तेवढी वाढली.

या प्रकरणातली खरी गंमत वेगळीच आहे. पहिल्या मेकॅनिकचे म्हणणे होते, "प्लगला करंट येत नाही." दुसरा म्हणाला, "करंट फर्स्टक्लास आहे, पेट्रोलचा प्रॉब्लेम." दोघांनीही तपासूनच सांगितले होते आणि दोघेही बरोबर होते.

तपासणीआधी विचारलेले दोन प्रश्न

जुन्या गाडीपुढे बॉनेट उघडण्याआधी मालकाला बोलते करावे. त्याला कारण माहीत नसते, पण गाडीचे वागणे त्याच्याइतके कोणी पाहिलेले नसते.

"मास्तर, गाडी ठसका देते म्हणालात, तो सेल्फ मारताना की किल्ली सोडल्यावर?"

"सोडल्यावर. हात काढला की एकदा धुप्प करते. तेही कार्बोरेटरात पेट्रोल ओतलेले असले तरच."

"आणि ढकलून बघितली?"

"बघितली ना. देवळाकडच्या उतारावर मुलांनी ढकलली. लागली, पंधरा-वीस सेकंद चालली आणि बंद पडली. परत काही लागली नाही."

सेल्फवर कधीच लागत नाही, ढकलल्यावर लागते. इंजिनाला फिरण्याशी मतलब. त्याला सेल्फने फिरवा की चाकांनी, त्याचे काही बिघडत नाही. मग दोन्हीत फरक कशाचा? एक म्हणजे बॅटरीवरचा ताण. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो, बॅटरी किंवा केबल कमजोर असेल तर कॉइलला पुरेसे व्होल्ट उरत नाहीत. दुसरा फरक किल्लीच्या जागेचा. ढकलताना किल्ली 'ऑन'वर असते, सेल्फ मारताना 'स्टार्ट'वर. बॅटरी नवी होती आणि सेल्फ जोरात फिरत होता, त्यामुळे पहिली शक्यता आधीच पातळ झाली. किल्ली सोडल्यावरचा ठसकाही दुसरीकडेच बोट दाखवतो: किल्ली 'स्टार्ट'वरून 'ऑन'वर परत येते, इंजिन स्वतःच्या वेगाने अजून अर्धाएक फेरा घेत असते, आणि नेमका तेवढ्यात स्पार्क मिळतो.

उतारावर लागलेली गाडी वीस सेकंदांत का बंद पडली, हा प्रश्न मात्र याने सुटत नाही. तो बाजूला लिहून ठेवला.

आधी पट्टा

या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टायमिंग बेल्टवर, म्हणजे एका पट्ट्यावर, चालतो आणि डेल्को कॅमशाफ्टवरून फिरतो. त्यामुळे पट्टा तुटला आहे का, हे बघायला कव्हर उघडावे लागत नाही. डेल्कोची कॅप काढायची, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे आणि रोटर फिरतो का ते बघायचे. फिरला. पट्टा तुटलेला असता तर आवाजावरूनही शंका आली असती: कॉम्प्रेशनची धाप नसलेला, शिलाई मशीनसारखा एकसुरी घर्रर्र आवाज. इथे तिन्ही सिलिंडरांची धाप नीट ऐकू येत होती. दोन मिनिटांत ही शक्यता निकालात निघाली.

करंट आहे आणि नाहीही

स्पार्क दोन प्रकारे तपासता येतो आणि त्या दोन प्रकारांतच हे प्रकरण अडकले होते.

पहिला प्रकार: प्लग काढायचा, त्याची वायर त्यालाच लावायची, प्लगची कड इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवायची आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. (प्लग हातात धरू नये, पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका बसतो. आसपास पेट्रोल सांडलेले असता कामा नये.) पहिल्या मेकॅनिकने असे तपासले. स्पार्क शून्य. मग त्याने कॉइलपासून कंडेन्सरपर्यंत सगळे बदलले.

दुसरा प्रकार एकट्याने करायचा. किल्ली 'ऑन' ठेवायची, कॉइलची मधली जाड वायर डेल्कोतून काढून तिचे टोक इंजिनापासून पाचेक मिलिमीटरवर ठेवायचे आणि मिटलेले पॉइंट स्क्रूड्रायव्हरने उघडमिट करायचे. दर वेळी पॉइंट उघडला की निळा, कडकडीत स्पार्क पडला पाहिजे. दुसऱ्याने हे केले, स्पार्क छान पडला आणि त्याने मोर्चा कार्बोरेटरकडे वळवला.

एकाने किल्ली 'स्टार्ट'वर असताना पाहिले, दुसऱ्याने 'ऑन'वर. दोन्ही निरीक्षणे एका कागदावर शेजारी लिहिली असती तर पुढचे सामान आलेच नसते.

आता कॉइलच्या प्लस टोकाला टेस्ट लॅम्प लावला. यासाठी महागडे काही लागत नाही. पार्किंगचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि दोन क्लिपा पुरतात. सेल्फ फिरताना पॉइंट सतत उघडमिट होत असल्याने डिजिटल मीटरचे आकडे नाचतात, बल्ब मात्र सरळ उत्तर देतो. किल्ली 'ऑन' केली तेव्हा बल्ब लख्ख होता. सेल्फ मारताच विझला. किल्ली सोडली, पुन्हा लख्ख.

मग स्टिअरिंगखालचा प्लास्टिकचा पॅनेल काढून इग्निशन स्विचच्या कनेक्टरवर मीटरने मोजमाप घेतले:

बॅटरीच्या टोकांवर, सगळे बंद : १२.६ व्होल्ट
बॅटरीच्या टोकांवर, सेल्फ फिरताना : १०.४ व्होल्ट
स्विचमध्ये येणारी वायर, सेल्फ फिरताना : १०.२ व्होल्ट
स्विचमधून सेल्फकडे जाणारी वायर, 'स्टार्ट'वर : ९.९ व्होल्ट
स्विचमधून कॉइलकडे जाणारी वायर, 'ऑन'वर : ११.७ व्होल्ट
स्विचमधून कॉइलकडे जाणारी वायर, 'स्टार्ट'वर : ०.३ व्होल्ट

सेल्फ फिरताना बॅटरी ९.६ च्या खाली गेली नाही, म्हणजे तिचा दोष नाही. शेवटच्या ओळीत सगळे आले. या स्विचच्या रचनेत कॉइलचा पुरवठा 'ऑन' आणि 'स्टार्ट' दोन्ही जागी चालू राहायला हवा. इथे तो 'स्टार्ट'वर तुटत होता. 'ऑन'वरचे ११.७ देखील निर्दोष नाहीत. जेमतेम काही अँपिअरच्या वाटेवर जवळजवळ एक व्होल्ट स्विचमध्येच खर्च होतो, म्हणजे आतले कॉन्टॅक्ट जळलेले आहेत.

लॉकच्या मागचा विजेचा भाग उघडल्यावर ते डोळ्यांनीच दिसले. आत पितळेच्या तीन पट्ट्या आणि त्यांच्यावर घसरणारी तांब्याची सरकपट्टी. कॉइलच्या पट्टीच्या टोकाला, सरकपट्टी 'स्टार्ट'वर जिथे येऊन थांबते नेमक्या तिथे, मसुराच्या डाळीएवढा काळा खड्डा. भोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेले, आणि खड्ड्याच्या कडेला हिरवट गंज. 'ऑन'वर सरकपट्टी खड्ड्याच्या अलीकडे टेकायची म्हणून काम चालायचे.

जळायचे कारण बंपरवर होते. कधीतरी बसवलेले दोन फॉग लॅम्प, प्रत्येकी ५५ वॅटचे, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालूबंद करणारा स्विच) न लावता थेट इग्निशनच्या वायरीवर जोडलेले. दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर, कॉइलचा भार वेगळा. स्विचचा तो कॉन्टॅक्ट एवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. वर्षानुवर्षे तो तापत, निवत, झिजत गेला आणि बंद गाडीत दहा आठवडे कोंडलेल्या दमट हवेने उरलेले काम केले. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे उन्हाळ्यातच कधीकधी किल्ली दोन-तीनदा मारावी लागत होती. गाडी लागत होती, म्हणून कोणी लक्ष दिले नाही.

जम्पर वायरचा पुरावा

नवा स्विच आणण्याआधी खात्री करून घेतली. बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसपर्यंत, मधे १५ अँपिअरचा फ्यूज घालून, एक वायर थेट जोडली. यात दोन खबरदाऱ्या. इंजिन बंद असताना ही वायर मिनिटभरापेक्षा जास्त जोडून ठेवायची नाही. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते आणि पॉइंटही जळतात. दुसरी, अशी चालू झालेली गाडी किल्लीने बंद होत नाही, वायरच काढावी लागते. ही जुगाडी वायर लावून गाडी रस्त्यावर नेण्याचा विचारही करू नये.

कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर ताजे पेट्रोल टाकले, एअर फिल्टरचे झाकण परत बसवले आणि सेल्फ मारला. इंजिन दुसऱ्याच फेऱ्यात लागले. काही सेकंद गुरगुरले आणि बंद पडले.

बाजूला लिहून ठेवलेला प्रश्न इथे परत आला. ओतलेल्या पेट्रोलवर चालते, टाकीतल्यावर नाही.

पंप फेकतो आहे, पण काय?

कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला, म्हणजे त्यात पेट्रोल साठते त्या वाटीला, छोटी काच असते. पातळी काचेवरच्या खुणेशी बरोबर होती. पेट्रोल पंप या गाडीत यांत्रिक, कॅमशाफ्टवर चालणारा. कॉइलची वायर काढून ठेवली, कार्बोरेटरला येणारी नळी काचेच्या बाटलीत सोडली आणि सेल्फ मारला. पंप जोमदार, ठोक्याठोक्याने फेकत होता. दुसऱ्या मेकॅनिकनेही इथपर्यंत पाहून "पेट्रोल येतंय" म्हटले होते आणि कार्बोरेटर काढला होता.

बाटलीतला द्रव एकसारखा, किंचित गढूळ. थर नाहीत, तळाशी पाण्याचा थेंब नाही. वास मात्र फिका, पेट्रोलपेक्षा स्पिरिटकडे झुकणारा. काढलेले प्लगही ओले होते, पण पेट्रोलने भिजलेला प्लग उन्हात झटकन सुकतो, हे सुकत नव्हते.

मग साधी परीक्षा केली. काचेच्या एका ग्लासात थोडे पाणी घेतले आणि बाटलीतला द्रव तेवढाच त्यात ओतला. पेट्रोल पाण्यावर वेगळे तरंगायला हवे. हा द्रव पाण्यात मिसळून गेला, ग्लास ताकासारखा पांढुरका झाला आणि वर तेलकट पातळ साय तेवढी आली. टाकीतून इंजिनाकडे जात होते ते पेट्रोल नव्हतेच.

झाले होते ते असे. पंपावर आता मिळते ते ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडे पाणी ते आपल्यात सामावून घेते आणि काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते, पाण्याशी संगनमत करते आणि दोघे मिळून टाकीच्या तळाशी बसतात. वर राहते ते इथेनॉल गमावलेले पेट्रोल. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीचे तोंड तळाजवळच असते, त्यामुळे पंपाला फक्त खालचा थर मिळतो. बाटलीत थर दिसले नाहीत याचे कारण हेच: नळी एकाच थरात पूर्ण बुडालेली होती. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते थेंबाथेंबाने वेगळे दिसायचे आणि जुना मेकॅनिक बाटली उन्हात धरून ते ओळखायचा. ई२० च्या बाबतीत ती नजर फसते.

पाणी आले कुठून? गाडी भिंतीला अशी लागली होती की कौलांच्या पागोळ्या सरळ टाकीच्या झाकणाच्या बाजूवर पडत होत्या. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. छपराच्या उतारावरचे सगळे पाणी एका रेषेत खाली येते, म्हणजे झाकणावर पडले ते नुसत्या पावसाच्या कितीतरी पट. झाकणाची रबरी वॉशर वाळून कडक झालेली; नखाने दाबली तर तडा गेला. त्या फटीतून दहा आठवडे पाणी झिरपत होते.

दुरुस्ती

टाकी उपसण्याचे काम उघड्यावर केले, बॅटरीची मायनस केबल आधी काढून. हातपंप वापरला. नळीने तोंडाने ओढायची सवय काहींना अजून आहे; ती सोडावी. एकूण नऊ लिटर निघाले. शेवटचे दोन लिटर काचेच्या बरणीत घेऊन तासभर ठेवले तेव्हा थर स्पष्ट झाले, खालचा थर दीड लिटरच्या आतबाहेर. एवढे पाणी आत गेले असे समजू नये, त्यात पेट्रोलमधून ओढून घेतलेले इथेनॉलच जास्त. "वरून पाच लिटर ताजे घाला, मिसळून जाईल" हा सल्ला इथे उपयोगाचा नाही, तळातले बरेचसे तळातच राहते. वरचे पेट्रोलही पुन्हा टाकीत घालू नये, इथेनॉल गेल्याने त्याचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न येता जळण्याची क्षमता) घटलेला असतो. सुटे भाग धुवायला ते चालते. खालचा थर गटारात, माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतायचा नाही. जळके तेल नेणाऱ्याला दिला.

टाकी प्रत्येक वेळी एक लिटर ताज्या पेट्रोलने दोनदा खळबळून घेतली. लालसर गाळ निघाला, दुसऱ्या वेळी जवळजवळ स्वच्छ. पेट्रोल फिल्टर नवा घातला. रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहिल्या. टाकीकडची आणि पंपाकडची, दोन्ही फुगून मऊ झालेल्या. १९९३ च्या गाडीचे रबर इथेनॉलचा विचार करून बनवलेले नाही. इंजेक्शन गाड्यांना वापरतात ती इंधनाची नळी घेतली, पाण्याची किंवा साधी रबरी नळी नाही. पंपाचा पडदा फाटला असता तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरले असते. डिपस्टिकला वास येत होता खरा, पण पंप काढून तपासला तेव्हा पडदा शाबूत निघाला; आठ दिवस सेल्फ मारमारून न जळलेला माल सिलिंडरातून खाली उतरला होता. ऑइल मात्र बदलावेच लागले.

कार्बोरेटर आठवड्यापूर्वीच धुतलेला, तरी फ्लोट चेंबरच्या तळाला पांढरी भुकटी धरू लागली होती. तो नुसता रिकामा करून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) हवेने फुंकले. जेटमध्ये तार घालू नये, भोक एका केसाने मोठे झाले तरी मिश्रण बिघडते.

इग्निशन स्विचचा मागचा भाग सुटा मिळाला, त्यामुळे लॉक आणि किल्ली तीच राहिली. नव्या स्विचवर 'स्टार्ट'ला कॉइलच्या प्लसवर १०.१ व्होल्ट आले. फॉग लॅम्पना चार पायांचा ३० अँपिअरचा रिले लावला: बॅटरीकडून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर पाय क्रमांक ३० ला, ८७ वरून दिवे, ८६ ला दिव्यांच्या बटणाची बारीक वायर, ८५ अर्थला. आता स्विचवर त्या दिव्यांचा भार येतो तो अर्ध्या अँपिअरहून कमी.

पॉइंटचा गॅप घासताना वाढला होता. तो फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.४५ मिलिमीटर केला, प्लगचा ०.८. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, हलते, म्हणून टायमिंग लाइटने ते परत जुळवले.

पाच लिटर ताजे पेट्रोल घालून, चोक पूर्ण ओढून सेल्फ मारला. पहिल्या दोन खेपांत, प्रत्येकी दहा सेकंद, फक्त फ्लोट चेंबर भरले. तिसऱ्या खेपेला इंजिन लागले आणि राहिले. बॅटरीवर चार्जिंग १४.१ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर एका खेपेत लागले, चार दिवसांनी परत तपासले तेव्हाही.

टाकीला नवे झाकण आले आणि गाडी भिंतीपासून हातभर लांब सरकली. पावसाळ्यात टाकी भरून ठेवावी की रिकामी, यावर भरपूर वाद ऐकू येतात. गळके झाकण पागोळ्यांखाली असेल तर दोन्ही सारखेच. झाकण घट्ट असेल तर टाकी बरीचशी भरलेली बरी, आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटे गाडी खरोखर चालवावी. जागेवर पाच मिनिटे गुरगुरवून बंद केली तर सेल्फने खर्च केलेली बॅटरीही नीट भरून निघत नाही.

काढून टाकलेली जुनी कॉइल, कॅप, रोटर आणि कंडेन्सर एकेक करून परत गाडीला लावून पाहिले. चारही चांगले निघाले. ते आता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत ठेवलेले आहेत.